आनेलुसचा हात

१ जानेवारी

रोझलोरने चिलीहून ही वही पाठवली आहे. येणाऱ्या कुणाच्या तरी हाती दिली, सोबत बापाला निरोप: "फोनवर तू नुसतं 'बरं आहे, बरं आहे' म्हणतोस. जे बरं नसेल ते ह्यात लिही." पोरीला कल्पना नाही. सगळं लिहायचं म्हटलं तर दोन पानांत वही संपेल.

आज भोपळ्याचं सूप झालं. एक जानेवारी हा आमच्या देशाचा स्वातंत्र्यदिन, त्या दिवशी ते नसेल तर वर्ष सुरू झालंच नाही. मांस नव्हतं, नुसती हाडं होती, पण माझ्या बायकोच्या, मेरिलियाच्या, हाताला चव आहे. चुलीवरून उतरलेले वाडगे मी शेजाऱ्यांना नेऊन दिले. मागून ती ओरडली, "अरे फडकं घे की! हात आहेत का पक्कड?"

मी म्हटलं, "जन्मभर कानस चालवलेले हात आहेत, बाईसाहेब. त्यांना सुपाची काय मातब्बरी!"

सगळे हसले. मीही हसलो. घरी आल्यावर मात्र उगाचच बसून राहिलो. गेल्या वर्षी गल्लीत दिवसभर हातोड्या वाजायच्या, आता दोन-तीन अंगणांतच वाजतात. दंगलींनी रस्ते बंद, पाहुणे बंद, विमानतळावरून कुणी इकडे फिरकत नाही. विकायला केलेल्या लोखंडी जलपऱ्या आणि सूर्य भिंतीवर टांगलेले तसेच गंजतायत. मला ह्या वर्षाचं काही खरं दिसत नाही.

९ जानेवारी

काम आलं! लिहिताना सुद्धा विश्वास बसत नाही.

सिस्टर क्लोटिल्द म्हणून एक बाई आल्या. वर डोंगरात अंध मुलांची शाळा चालवतात. त्यांना शाळेतल्या दालनाच्या सबंध भिंतीवर एक झाड हवंय, पत्र्याचं. फांद्यांवर पक्षी, खाली बोकड, मुळांशी मासे, वर चंद्र. सगळं मुलांचा हात पोचेल एवढ्याच उंचीवर. "बघायचं झाड नाही, वाचायचं झाड," त्या म्हणाल्या. "आमची मुलं बोटांनी बघतात. म्हणून मला बाकी काही नको, कडा तेवढ्या सांभाळा."

सेंव्हिल म्हणाला, "सिस्टर, कडांची काळजी तुम्ही करू नका. आमच्याकडे आनेलुसचा हात आहे."

सेंव्हिल म्हणजे मेरिलियाचा थोरला भाऊ, आणि आमचा बॉस. तेलाचं जुनं पिंप जाळून साफ करायचं, कापून आडवं करायचं, ठोकून सपाट करायचं, त्यावर खडूने चित्र काढून छिन्नीने कापायचं, हे सगळं तो करतो आणि त्याच्यासारखं कापणारा आमच्या नोआय वस्तीत दुसरा नाही. पण छिन्नी जिथून जाते तिथे पत्र्याला बारीक कुसळं उठतात. ती काढणं माझं काम. आधी कानस, मग पॉलिशपेपर, आणि शेवटी उघडा हात सगळ्या कडांवरून. कुठे टोचलं नाही की मी म्हणतो, "लागत नाही." एवढं म्हटलं की माल पास. त्यानंतर त्यावर दुसऱ्या कुणी हात फिरवून बघायचा नाही. सेंव्हिलच्या बापाच्या वेळेपासूनची ही रीत आहे. पुन्हा बघणं म्हणजे माणसाच्या तोंडावर त्याला खोटं म्हणणं.

सेंव्हिलने जाताना माझ्या खांद्यावर थाप मारली. "हे झाड उभं राहिलं तर भट्टी चालू राहील. नाही तर कुलूप." हसत म्हणाला, पण मला हसू आलं नाही.

२३ जानेवारी

काम जोरात आहे. एक गोष्ट नवलाची. सेंव्हिलने सीमेपलीकडून नवी कानस आणलीय, ती लोण्यावरून चालावी तशी चालते. पूर्वी एका पक्ष्याच्या कडांना माझी सबंध सकाळ जायची. आता चार हात मारले की बोटाखाली गुळगुळीत. सेंव्हिलला म्हटलं, "म्हातारपणी हात तयार झाला बघ." तो म्हणाला, "तुझा हात तयारच होता रे."

पण अंगात त्राण नाही. दुपारी बाकावर बसल्या बसल्या डोळा लागतो. मेरिलिया म्हणते रक्त कमी झालंय. ती रोज माल्ट्यात, म्हणजे बाटलीतल्या गोड जवाच्या पेयात, कंडेन्स्ड मिल्क घालून देते, वर एक अंडं फेटून. स्वतः एक घोट घेत नाही. म्हणते, "मला कशाला? झाड मला करायचंय का?" पितो तेवढा वेळ बरं वाटतं.

४ फेब्रुवारी

तहान, तहान, तहान. घरातली बादली मी एकटा संपवतो. त्यात हमरस्त्यावर टायर जळतायत, पाण्याचा ट्रक आलेला नाही. मेरिलिया नुसती बादलीत बघते.

मोरीमागे मुंग्यांची रांग लागलीय. ह्या फेनेलोनला हजारदा सांगितलं, ऊस खाऊन चोयट्या तिकडे टाकू नकोस. तो म्हणतो, "काका, मी ऊस खातच नाही, माझी दाढ किडलीय." मग मुंग्या काय प्रार्थनेला येतात?

हा फेनेलोन सेंव्हिलने दिवाळखोरी दारात असताना ठेवलेला माणूस. तिशीचा, अंगाने दणकट, आणि डोक्यात एकच किडा: ग्राइंडर. वीज असेल तेव्हा मशीन लावू, कडा झटक्यात होतील. मशीनला हात असतो का? मला त्याचं गणित कळतं. मशीन आलं की त्याचा बाक इकडे, माझा बाहेर.

१२ फेब्रुवारी

आज भांडण झालं.

बोकड पास करून मी बाजूला ठेवला होता. मागे वळून बघतो तर हा फेनेलोन त्याच्या शिंगावरून बोट फिरवतोय! सगळ्यांच्या देखत!

"काय चाललंय?" मी विचारलं.

"काका, रागावू नका. इथे लागतंय."

"तुझ्या बोटाला लागत असेल. बायकी बोटं तुझी."

"काका, तुम्ही स्वतः बघा ना एकदा."

मी बघितलं. शिंगावरून, कानावरून, दाढीवरून हात फिरवला. कुठे काही नाही. मी म्हटलं, "नाचता येईना अंगण वाकडं. कानस धरता येत नाही म्हणून दुसऱ्याच्या कामात खोट काढतोस."

सेंव्हिल आतून आला. त्याने बोकडाकडे बघितलंसुद्धा नाही. फेनेलोनला म्हणाला, "आनेलुसच्या हातानंतर हात नाही. हे मान्य नसेल तर फाटक उघडं आहे." फेनेलोन मान खाली घालून गेला पत्रा ठोकायला. ठोकतानासुद्धा माझ्याकडे बघत होता. त्या बघण्यात राग असता तर मला चाललं असतं. राग नव्हता.

सेंव्हिलने बाजू घेतली म्हणून मला आनंद व्हायला हवा होता. पण जेवण गेलं नाही. माणसाच्या हातावर एकदा कुणी शंका घेतली की ती तशी पुसली जात नाही.

१३ फेब्रुवारी

मेरिलियाची ओढणी घरातल्या पत्र्याच्या कोंबड्याला अडकून फाटली, तोही मीच पास केलेला, नाताळच्या आधी. ती म्हणाली, "आनेलुस, ह्याची कड..." मी म्हटलं, "ओढणी स्वस्तातली आहे." ती सुई-दोरा शोधायला गेली. आता घरातही शंका.

२० फेब्रुवारी

दिवसभर काम करून संध्याकाळी बूट काढला तर आत खिळा. चांगला वर आलेला. मोजा रक्ताने चिकटलेला. सकाळपासून मी त्याच्यावरच उभा होतो म्हणजे.

मेरिलियाने मीठपाण्याने पाय धुतला. धुता धुता रडायला लागली. "तुला कळलं कसं नाही रे?"

"कामात होतो."

"कामात बैल सुद्धा पाय उचलतो, आनेलुस. दवाखान्यात चल."

दवाखान्यात! झाड पुरं व्हायला आलंय, आणि मी खिळ्यासाठी रांगेत बसू? मी तिथे गेलो की इकडे ग्राइंडर बाकावर बसलाच समजा. तिने मग हट्ट सोडला आणि माल्टा आणून दिला. आज दूध जरा जास्तच घातलं होतं.

३ मार्च

झाड गेलं. ट्रकच्या फळीवर पसरलं होतं तेव्हा सबंध गल्ली बघायला आली. मी शेवटचा हात फिरवला, मुळापासून चंद्रापर्यंत, आणि म्हटलं, "लागत नाही." बायकांनी टाळ्या वाजवल्या.

पायामुळे मला वर जाता आलं नाही. सेंव्हिल सांगतो, मुलं रांगेने आली, झाडाला हात लावून जोरजोरात नावं घेत होती. मासा! चोच! एक मुलगी म्हणे चंद्रापाशी इतका वेळ थांबली की मागची पोरं ढकलायला लागली. इस्लांद तिचं नाव. ठिपक्यांची पुस्तकं सगळ्यांत भरभर वाचते.

ऐकून चांगलं वाटलं. मग पुन्हा जैसे थे. काम संपलं आणि अंगणात कानसेचा आवाज थांबला की माझ्या मनात काळोख होतो. पाय भरत नाही. अक्षरं धूसर दिसतात, म्हणून मोठी काढतो. रोझलोर, तू हे वाचशील तेव्हा म्हणशील, बाप लहान मुलासारखं लिहायला लागला.

११ मार्च

वरून निरोप आला. इस्लांदचं बोट कापलं. उजव्या हाताचं पहिलं. पक्ष्याच्या पंखाच्या खालच्या कडेला. टाके घालावे लागले.

मला माहीत आहे हे कुणाचं काम. ट्रकमध्ये झाड चढवताना फेनेलोन पुढे होता. पत्र्यावर छिन्नीचा एक ओरखडा मारायला कितीसा वेळ लागतो? त्याने माझा हात खोटा पाडण्यासाठी एका आंधळ्या पोरीचं बोट कापलं. देवा, माणूस इतका खाली जाऊ शकतो? सेंव्हिलला तसं म्हटलं. सेंव्हिल माझ्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, "सिस्टर उद्या येतायत. पक्षी घेऊन."

येऊ देत. मी सर्वांसमोर दाखवीन.

१२ मार्च

लिहायचं नव्हतं. पण जे बरं नसेल ते लिहायचं असं ठरलंय.

सिस्टर आंब्याखाली बसल्या. टॉवेलात गुंडाळलेला पक्षी टेबलावर ठेवला. रागावल्या नव्हत्या. सेंव्हिल होता, फेनेलोन होता, मेरिलिया भाजलेली केळी घेऊन आली होती ती तशीच उभी.

मी म्हटलं, "सिस्टर, ही कड मी केलेली आहे. माझ्या हातून गेली तेव्हा ती स्वच्छ होती. इथून वर जाताना कुणी काही केलं असेल तर तो इथेच उभा आहे."

फेनेलोन म्हणाला, "काका, आईशप्पथ..."

"आईला मध्ये आणू नकोस."

मग मला वाटलं, आधी कड बघून घ्यावी. ओरखडा कुठे आहे तो बोटाला सापडेल, तो सगळ्यांना दाखवू. मी पक्षी जवळ ओढला. चोचीपासून सुरुवात केली. मान, पाठ, शेपटी. मग पंखाच्या खाली, जिथे तिला लागलं म्हणतात तिथे. हळू नेला हात, दाबून नेला. परत उलटा आणला. काही नव्हतं. ओरखडा नाही, कुसळ नाही.

"बघा," मी म्हटलं. "लागत नाही."

मला वाटलं, सगळ्यांची तोंडं बंद झाली. मी फेनेलोनकडे बघितलं. त्याने डोळे मिटून घेतले होते.

"आनेलुस," मेरिलिया म्हणाली, "खाली बघ."

पंख लाल झाला होता. आधी वाटलं गंज आहे. मग टेबलावर थेंब पडायला लागले. माझी तीन बोटं कापली होती, एक तर आतलं पांढरं दिसेपर्यंत. मी ती डोळ्यांसमोर धरली. दुसऱ्या कुणाची बोटं बघावीत तशी बघितली. काहीच नव्हतं त्यांत. दुखत नव्हतं, चुरचुरत नव्हतं, रक्त ओघळतंय तेही ओलं लागत नव्हतं.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात, ते हे.

फेनेलोननेच शर्ट फाडून हात बांधला. बांधताना त्याची बोटं माझ्या बोटांना लागत असणार. मेरिलियाच्या हातातली केळी खाली पडली होती आणि ती उचलायला वाकली नाही. सिस्टरनी विचारलं, "किती दिवसांपासून आहे हे?"

मला सुपाचे वाडगे आठवले.

२२ मार्च

साखर आहे. दवाखान्यात बोट टोचून बघितलं, तेही मला कळलं नाही. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, तहान लागते? लघवीला मुंग्या लागतात? जखम भरत नाही? मी हो हो म्हणत गेलो. सगळं त्यांना आधीच माहीत होतं.

काय खाता-पिता विचारलं तेव्हा मेरिलियाने माल्टा आणि दुधाचं सांगितलं. बाईंनी लिहिता लिहिता पेन थांबवलं. मेरिलियाला ते समजलं. घरी आल्यावर तिने दुधाचे डबे बाहेर नेऊन ठेवले. मी म्हटलं, "तुला काय माहीत होतं?" ती म्हणाली, "मी रोज स्वतःच्या हाताने ढवळून दिलं."

औषधाने साखर खाली येईल. बोटांचं विचारलं तर बाई म्हणाल्या, जे गेलं ते परत येईलच असं नाही. पायाचं बघू, वाचवू.

फेनेलोनकडे गेलो आणि माफी मागितली. तो म्हणाला, "काका, त्या बोकडाच्या वेळी मी जास्त ओरडायला हवं होतं." एवढंच. मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

२ एप्रिल

झाड भिंतीवरून उतरवून परत आणलंय. सगळ्या कडा पुन्हा करायच्या. सेंव्हिल म्हणतो चूक त्याची, त्यानेच दुसरा हात लावू दिला नाही. बापाची रीत म्हणून मिरवत होतो, म्हणतो. आता जो येईल तो हात फिरवतो, फेनेलोन, सेंव्हिल, शेजारीपाजारी. सारखं "इथे लागतंय, इथेही लागतंय" असं चाललेलं असतं. मी बाकावर बसून ऐकतो. इतक्या ठिकाणी! एवढ्या सगळ्यांवरून मी हात नेला होता आणि टाळ्या घेतल्या होत्या.

शाळेतून कळलं, इस्लांदचे टाके काढले. जखम मिटली. पण बोटाच्या शेंड्याला स्पर्श कळत नाही. नस तुटलीय. कदाचित येईल, कदाचित नाही. म्हणजे माझ्या बोटांत जे झालं तेच मी तिच्या बोटात पाठवलं. असं तंगड्या पसरून बसण्याऐवजी मला मरण आलं असतं तर मी तक्रार केली नसती.

मेरिलियाला म्हटलं, "मला एक मासा करायचाय. लहान. तू हात फिरवशील का?"

१६ एप्रिल

मासा झाला. सेंव्हिलने कापला. कानस मीच चालवली, डोळ्यांनी बघत, आणि मेरिलिया शेजारी बसून बोट फिरवत होती. "इथे." मी घासायचं. "अजून आहे." मी घासायचं. तिच्या बोटाला एकदा टोचलं तर ती "आई गं" म्हणाली, आणि मला त्या शब्दाचा हेवा वाटला. कधी कधी मी भलतीकडेच घासत असे. मग ती माझा हात धरून योग्य जागी ठेवायची. मी बघितलं म्हणून कळायचं, की धरलाय.

२७ एप्रिल

वर शाळेत जाऊन आलो. झाड पुन्हा उभं केलं. फेनेलोनच्या मोटरसायकलवर मागे बसून गेलो, पायाला प्लास्टिक बांधून.

बाकीची मुलं झाडाकडे धावली. इस्लांद मागे बाकावर बसून होती. दहा-अकराची असेल. दोन्ही मुठी घट्ट मिटलेल्या, काखेत दाबलेल्या. सिस्टर हळूच म्हणाल्या, तेव्हापासून तशीच असते. जेवतानाच काय त्या उघडतात. पुस्तकाला हात लावत नाही.

मी समोर बसलो. म्हटलं, "मी आनेलुस. ती कड माझी होती."

तिने माझ्या आवाजाकडे कान केला. मग म्हणाली, "सिस्टर म्हणाल्या होत्या, तुमचा हात फिरला की लागत नाही."

"माझा हात खोटा निघाला. मला माहीत नव्हतं. पण माहीत असायला हवं होतं." मग म्हटलं, "हा मासा आहे."

तिने मुठी उघडल्या नाहीत. विचारलं, "ह्याच्यावर कुणी हात फिरवला?"

खोटं बोललो असतो तरी तिला कळलं नसतं. "मेरिलियाने," मी म्हटलं. "माझी बायको. माझ्या हाताने नाही."

मग डावी मूठ उघडली. डाव्या हाताचं एक बोट माशाच्या तोंडावर आलं, आणि कडेने सरकू लागलं. मी तिच्या चेहऱ्याकडे बघत होतो. कड कशी आहे ते बघायला मला आता तेवढीच जागा उरलीय. शेपटीपाशी ती थांबली. पण ती पुन्हा तोंडापासून सुरू झाली, ह्या वेळी दोन बोटांनी.

"कल्ला आहे इथे," ती म्हणाली. "छान आहे कल्ला. तुम्ही बघितलात?" आणि तिने मासा माझ्या पुढे धरला.

मी तो घेतला. त्या कल्ल्यावरून बोट नेलं, जसं जन्मभर नेत आलो तसं. आत काहीच पोचलं नाही. ती मान तिरकी करून उत्तराची वाट बघत होती.

"हो," मी म्हटलं. "छान आहे."